आठ घरांचं ऑक्सिबाफॉन

१७ नोव्हेंबर २००३
दिवाळीची सुट्टी संपली. शाळेत पाय ठेवला नाही तोच मुख्याध्यापक माने सरांनी पकडलं. जानेवारीत स्नेहसंमेलन, प्रत्येक वर्गाचा एक कार्यक्रम. चौथी अ च्या बाईंनी नाच आधीच नोंदवून टाकलाय, कपडे भाड्याने आणणार आहेत. माझी चौथी ब. सर म्हणाले, "कांबळे बाई, तुम्ही कायतरी बिनखर्चाचं बसवा."
बिनखर्चाचं म्हणजे समूहगीत. दरवर्षी ब तुकडीचं समूहगीत असतं आणि दरवर्षी पालक नेमके तेव्हाच चहाला उठतात.
नाही बसवणार समूहगीत. दुसरं काय, ते अजून माहीत नाही.

१९ नोव्हेंबर
मधली सुट्टी. वर्गात डबे उघडलेले. सोनालीनं चमच्यानं डब्यातली वाटी वाजवली, मागच्या बाकावरून विशालनं त्याची वाजवली, मग काय, सगळा वर्ग. मी ओरडले. ओरडून झाल्यावर लक्षात आलं, दोघांच्या वाट्या एकमेकींशी सुरात होत्या. सा आणि प. कबनूरला वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, पेटीला टेकून वाढलेली मुलगी मी, कानाला जुनी खोड आहे.
घरी येऊन होत्या नव्हत्या तेवढ्या वाट्या फरशीवर मांडल्या. कमीजास्त पाणी घातलं आणि पेन्सिलीनं वाजवत बसले. भाजी करपली.
जलतरंग! खर्च शून्य. माने सरांना आनंद होईल.

२० नोव्हेंबर
खालून घरमालक शिंदे काका वर आले. मला वाटलं, पाणी गळलं त्यांच्या खोलीत. तर म्हणाले, "काल काय वाजत होतं?" दाखवलं. काका कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झालेत आणि ऐकणारं कोणी सापडलं की तास घेतात. माझ्या वाट्यांकडे बघून म्हणाले, "ऑक्सिबाफॉन!"
हा ग्रीकांच्या घरातल्या छोट्या वाटीचा शब्द. जेवताना तीत सिरका, म्हणजे व्हिनेगर, घ्यायचा आणि घास बुडवून खायचा. शब्दाचा अर्थच मुळी आंबटात बुडवायचं भांडं. आणि असल्याच मातीच्या वाट्या ओळीनं मांडून काठीनं वाजवणारा एकजण त्यांच्यात होऊन गेला म्हणे. "म्हणजे तुम्ही काही नवीन करत नाही आहात," हे वर ऐकवून गेले.
शब्द भारी आहे. भांडी घासताना चार वेळा मोठ्यानं म्हटला.

२१ नोव्हेंबर
फळ्यावर लिहिला. अर्थ सांगितला. सोनाली लगेच, "बाई, म्हंजे आमची खर्ड्याची वाटी की!" जवळजवळ तेच, म्हटलं. विशालला वेगळीच शंका. "ग्रीस कुठं हाय? निपाणीच्या पल्याड?" हो, बरंच पल्याड.
मग मधल्या सुट्टीत मैदानभर तो एकच शब्द. कबड्डीतसुद्धा. अ तुकडीतली पोरं येऊन विचारायला लागली, हे काय? आमच्यातल्या एकानं सांगितलं, "तुमास्नी न्हाय कळणार." ब तुकडीला असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं.
मंगळवारी प्रत्येकानं घरून एक वाटी आणायची. चिनी मातीची, काचेची, स्टीलची, कसलीही. वाजली पाहिजे.

२५ नोव्हेंबर
वाट्यांचा नुसता ढीग. स्टीलच्या प्रत्येक वाटीवर नाव कोरलेलं, कोणाच्या बारशात कोणी दिली तो सगळा इतिहास. बऱ्याचशा नुसत्या खणखणतात. निवडता निवडता सहा मिळाल्या. सातवी, ध साठी, माझीच घातली. पांढरी, हिरव्या रेघेची. विशालची अगदी तशीच निघाली. दोघींनी एकाच हातगाडीवर घेतल्या असणार, मी आणि त्याच्या आईनं.
वरच्या सा साठी काही सापडेना. तेव्हा सोनालीनं दप्तरातून काशाची वाटी काढली. लहान, जड, बाहेरून काळपट. वाजवली. आवाज संपतो म्हणेपर्यंत परत ऐकू येत होता.
"कुणाची गं?"
"आज्जीची."
लावली शेवटी. ध माझी, नी विशालची, वरचा सा सोनालीच्या आज्जीची.

२६ नोव्हेंबर
एक गोष्ट लिहून ठेवते, उगाच साळसूदपणा नको. मला गाण्यापेक्षा ती रांग जास्त आवडलीय. आठ घरांतल्या वाट्या, एका फळीवर, काठाला काठ लावून, त्यात एक कांबळ्यांची. आणि कोणी काही म्हणत नाही. ही रांग संमेलनापर्यंत टिकायला हवी. मला ती हवी आहे, एवढंच.
वाटी म्हटलं की कुणाची हे लगेच पुढं येतं. ऑक्सिबाफॉन कुणाचंच नाही. काकांचे उपकार.

६ डिसेंबर
कबनूर. सकाळी सगळ्यांबरोबर अभिवादनाला गेलो. दुपारी दादांना वाट्यांचं सांगितलं. ते आधी हसले. मग पेटी काढून बसले आणि विचारायला लागले, वरचा सा कशाचा? नी कशाची? जाड का पातळ? आई म्हणाली, "झालं. आता हे कोल्हापूरला निघाले बघ."

१४ डिसेंबर
दादा खरंच आले. एस.टी.नं, पेटी मांडीवर घेऊन. रविवार असूनही आठही पोरं शाळेत हजर. दादांनी एकेक वाटी कानाशी धरून ऐकली, माठ घेताना ऐकतात तशी.
"पाण्यानं सूर खाली येतोय, वर जात न्हाय. म्हणून आधी बेतानं घाल, मग थेंब थेंब वाढवायचं."
दोन तासांत लावून दिलं. लेझमीची चाल बसवली, सोपी, सगळ्यांना माहीत असलेली. हलगी वाजवायला आमच्याच वर्गातला एक आहे. काशाच्या वाटीवर चाल संपली की दादा प्रत्येक वेळी मान हलवत होते.
विशालनं विचारलं, "आजोबा, तुमी कुठं वाजवतासा?"
"आमची गायन पार्टी हाय. भीमगीतं म्हणतो, जयंतीला."
"आमच्या गल्लीतनं जाती ती मिरवणूक?"
"व्हय, तीच."
विशाल खूश. मी दादांना स्टँडवर सोडून आले. आजचा दिवस फार चांगला गेला.

१६ डिसेंबर
पाच वाट्या नाहीत.
रोज तालीम झाली की पोरं आपापली वाटी घरी नेतात. आज चार जण हात हलवत आले. एकाला विचारलं, तो बुटाकडे बघत, "आई न्हाय म्हणली." दुसरा, "आमच्यात पण." विशाल तर आलाच नाही.
रविवारी दादा आले, भीमगीतं म्हणतो असं बोलले, आणि मंगळवारी वाट्या गेल्या. यात समजायचं काय राहिलं? माझी वाटी ध ला. तिच्या शेजारची पहिली गेली.
उरल्या तीन. माझी, सोनालीची आणि एक काचेची. तीन वाट्यांवर काय वाजतं? दारावरची बेल.

१७ डिसेंबर
माने सर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाई, समूहगीत काय वाईट नसतं." म्हणजे यांच्यापर्यंत पोचलं. काय पोचलं ते विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडले असते, आणि शिक्षकांच्या खोलीत सगळे होते.
तालीम नाही. पोरांना गणितं घातली. कोणी ऑक्सिबाफॉन म्हणालं नाही.
राग आहे. रडू नाही, नुसता राग. भाकरीचं पीठ इतकं मळलं की थापताना तुटेना.

१८ डिसेंबर
सोनाली वर्गाबाहेर उभी. आत येईना. हात धरून आणलं तर ढसाढसा रडायला लागली.
"बाई, माझ्यामुळं झालं. माझी वाटी पायाची हाय."
काय पायाची?
तर असं. तिच्या आज्जीचे तळपाय जळतात. रोज झोपताना तूप लावून त्याच काशाच्या वाटीनं तळवे घासायचे. विशालच्या आईनं एकदा ते त्यांच्या घरी बघितलं होतं. विशालनं घरी कौतुकानं सांगितलं की आपल्या वाटीच्या शेजारी काशाची वाटी आहे, आणि काशाची म्हटल्यावर तिनं ओळखली. मग नळावर बोलणं झालं. पाय घासायची वाटी आमच्या आमटीच्या वाटीला चिकटवून ठेवतात, बाईंना काही कळतं का नाही?
मला हसू आलं. सोनालीला वाटलं, मी तिला हसतेय, ती आणखी रडली. तिला जवळ घेतलं.
घरी येताना मात्र पुन्हा राग आला. माझ्या डोक्यात पहिलं तेच का आलं? कारण आजवर बऱ्याचदा तेच खरं ठरलंय. आता या वेळी नाही, तर मी हसायचं आणि सगळं सोडून द्यायचं. आणि नळावरच्या बोलण्यात तेवढं एकच कारण होतं, हे तरी मला कोणी सांगावं?
असो. पाय तर पाय. पायाचा इलाज असतो.

१९ डिसेंबर
शाळा सुटल्यावर सोनालीच्या घरी. आज्जीला सगळी गल्ली अक्काताई म्हणते. उंच बाई, आवाज त्याहून उंच. मी वाटी परत द्यायला गेले होते. त्यांनी हातसुद्धा लावला नाही.
"कशाला परत? वाजती न्हवं?"
"वाजते. तिच्यासारखी एकही वाजत नाही. पण बाकीच्या आया…"
"कोण बाकीच्या? ती विशालची आई?"
नाव घ्यायचं नव्हतं मला. गप्प बसले, म्हणजे घेतल्यासारखंच झालं.
"तुमचे पाय कसे आहेत? वाटी शाळेत असते दिवसभर, काही दिवस तर तिथेच ठेवून घेतली होती मी."
"जळत्यात की. जळू दे. नातीचं वाजू दे." मग चहा टाकायला आत गेल्या. कपात दिला, त्यांनी घेतला तसल्याच कपात. बघायचं नाही म्हटलं तरी माझं लक्ष जातंच.

२० डिसेंबर
शनिवार, सकाळची शाळा. आया पोरांना सोडायला फाटकाशी. अक्काताई तिथे येऊन उभ्या, पदरात चिंच आणि राख बांधलेली. शाळेच्या नळावर बसल्या आणि सगळ्यांच्या देखत वाटी घासायला लागल्या. घासता घासता तोंड चालूच.
"पाय माझं, वाटी माझी, आन् बोंब ह्यांची! आगं, ह्या पायांनी तुमच्या बाळंतपणाला धावत आलती मी, तवा न्हाय कुणी म्हणलं पाय लांब ठेवा."
एक बाई हसली. दुसरी म्हणाली, "तसं न्हवं अक्का, पर जेवायची वाटी हाय ती."
"मग पंधरा दिवस नगं जेवू तिच्यात. दुसरी न्हाय व्हय घरात?"
वाटी अशी निघाली की सोनेरी. अक्काताईंनी ती नळाच्या कट्ट्यावर आपटली. आवाज फाटकापर्यंत गेला. विशालची आई तिथेच होती. बुटकी, गोरी, घरच्या दुधाच्या धंद्यामुळे सतत घाईत. कॅन उचलून निघून गेली.

२२ डिसेंबर
चार आल्या परत! एकीवर नवीन लेबल चिकटवलंय, "फक्त संमेलनासाठी". चालेल.
नी नाही. विशाल म्हणतो, "आई बघू म्हणली."
नी नसला तर चाल शेवटाला लंगडते. दुसऱ्या वाट्या लावून बघितल्या. काकांनी चिनी बशी दिली, ती भलतंच काही बोलते. विशाल सगळ्यांच्या मागे उभा राहून हवेत काठी मारतो. त्याला चाल पूर्ण पाठ आहे.

२९ डिसेंबर
विशालनं वाटी आणली. रुमालात बांधून. आणि निरोप, एका दमात, पाठ करून आणल्यासारखा:
"आई म्हणली वाटी न्ह्या, पण तेवढी त्या पायाच्या वाटीच्या शेजारी नको."
शेजारी तर ठेवावी लागणार. नी आणि सा. मग सुचलं. दोन्ही वाट्या एकाच मापाच्या आहेत. विशालच्या वाटीत पाणी वाढवून ती ध केली, माझीतलं कमी करून तिची नी. आता काशाच्या वाटीला खेटून माझी, आणि तिच्या अलीकडे विशालची.
विशालला उभं करून सांगितलं. "आईला सांग, मधे बाईंची वाटी आहे. तुमची आणि बाईंची शेजारी. नीट सांग."
"सांगतो."
मुद्दाम सांगायला लावलं. नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणू दे.

३० डिसेंबर
वाटी आली. मी विचारलं, "सांगितलंस?"
"व्हय."
"काय म्हणाली आई?"
"कायच न्हाय. लाटत होती."
नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. वाटी मात्र आली. दिवसभर मी कारण नसताना पोरांना हसून बोलत होते.

५ जानेवारी २००४
माने सर तालमीला येऊन बसले. दोनदा ऐकलं. निवेदनासाठी नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी तीनदा म्हणून बघितलं, तिन्ही वेळा वेगळं. शेवटी म्हणाले, "जलतरंग म्हणूया की." पोरांनी एकमुखानं नाही म्हटलं. सर गांगरले. विशालनं त्यांना तोडून तोडून शिकवलं, "ऑक्-सि-बा-फॉन, सर. आंबट बुडवायची वाटी."
फळ्यावर मोठ्या अक्षरात तेच नाव लिहिणार.

९ जानेवारी
झालं!
आठ जण पाटावर, वाट्या फळीवर, मागे हलगी. पडदा वर गेला तेव्हा निम्मे पालक सवयीनं उठायला लागले होते. चौथी ब ना. सोनालीनं वरचा सा वाजवला, फक्त एकदा. उठलेले होते तिथेच थांबले. मग लेझमीची चाल. दुसऱ्या फेरीला मागून टाळ्या, तिसऱ्याला शिट्ट्या. कोणीतरी बाप्या ओरडला, "वन्स मोअर!" अ तुकडीच्या नाचाला नाही मिळाला तो.
अक्काताई पहिल्या रांगेत चप्पल काढून पाय पसरून बसल्या होत्या. शेजाऱ्याला मोठ्यानं सांगत होत्या, ती शेवटची माझी.
विशालची आई भिंतीशी उभी. विशाल वाजवताना तिचे ओठ हलत होते. ती चाल मोजत होती. मला बघितल्यावर तोंड फिरवलं नाही, एवढं नक्की.
दादा आले नाहीत, त्यांच्या पार्टीचं कुठेतरी बारशाला गाणं होतं. आता उद्या फोनवर सगळं सांगावं लागणार, तेही वाजवून.

१० जानेवारी
काल गडबडीत पोरांनी आपापल्या वाट्या पुसून नेल्या. माझी मी आणली. आज चहा ओतताना लक्षात आलं, ही माझी नव्हे. माझीच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे, भाड्याच्या खोल्या बदलताना भांडी हरवतात म्हणून लावलेला. हिच्या बुडाला काही नाही.
म्हणजे विशालची माझ्याकडे, माझी त्याच्या घरी.
हिच्यात चहा प्यायले नाही. का ते सांगता येणार नाही. धुऊन फळीवर ठेवली.

१२ जानेवारी
विशालला म्हटलं, वाट्या बदलल्यात. म्हणाला, "आईला ठावं हाय. ठिपका बगितला तिनं. म्हणली, बाईंची हाय, धाडती."
मग आज का नाही आणलीस?
"आई म्हणली, मी बघते."
काय बघते? एक वाटी परत करायला बघायचं काय असतं?

१५ जानेवारी
संक्रांत. वर्गात तिळगूळ. विशालनं मूठभर दिला, माझ्या हातात मावेना. वाटी नाही.
संध्याकाळी अक्काताई रस्त्यात भेटल्या. पाय आता बरे, वाटी घरी आली ना. त्यांना सांगितलं, माझी आणि विशालची वाटी बदललीय, माझी अजून परत आली नाही. त्या माझ्याकडे, मी पहिलीतली असावी, अशा बघायला लागल्या.
"रिकामी कशी धाडल ती? भरल्या घरातली बाई हाय. रिकामी वाटी कुणी परत देतं व्हय? कायतरी घालायचं असतं. आन् तुमी पण रिकामी नगा धाडू."
"काय घालू?"
"साखर घाला की. साखरेला काय कुणाची ना नसती."
बरोबर. साखरेला कुणाची ना नसते.

१६ जानेवारी
कबनूरला आई शेजारच्यांची वाटी परत करायची तेव्हा साखरच घालायची. नाहीतर शेंगदाणे. घरात पुरणपोळी असली तरी साखर. मी एकदा विचारलं, पोळीच देऊया की. म्हणाली, "नगो. साखरच बरी." दहावीत गेल्यावर कळायला लागलं, का बरी. शिजवलेलं दिलं असतं तर ते खाल्लं का टाकलं, हा विचार तिला करायचा नव्हता. साखर दिली की विचारच नको.
आणि समोरूनही आमच्या वाटीत साखरच यायची. दोन्हीकडून साखर. किती गोड.
विशालची आई काय बघतेय, ते आता कळलं. तीही तेच बघतेय. बाईंच्या वाटीत काय घालायचं?

१७ जानेवारी
ठरवलं. खपली गव्हाची खीर. आमच्याकडे पौर्णिमेला होते ती. गूळ, खसखस, खोबरं. ती मला चांगली जमते, यात नम्रपणा नाही. गहू सडून भिजत टाकले.
आईला फोन केला. देऊ का हे विचारायला नव्हे, वेलदोडे किती ते विचारायला. पण तिनं ओळखलं. "कुणाला देतीयास?" सांगितलं. मला वाटलं, साखर म्हणणार. म्हणाली, "मग जायफळ पण घाल. थोडंच."

१८ जानेवारी
रविवार. सकाळपासून खीर शिजतेय. शिंदे काका दोनदा जिन्यापर्यंत येऊन गेले. वास चांगला सुटलाय, असं जिन्यालाच सांगून गेले. त्यांना एक वाटी बाजूला काढली.
विशालच्या वाटीत काठोकाठ भरली. वर खसखस. ताटली झाकली.
विशालबरोबर पाठवायची नाही. स्वतः जाणार. दारात उभी राहून देणार आणि म्हणणार, मी केलीय, गरम आहे तोवर खा. फार तर काय होईल? घेतील आणि मागच्या दारानं म्हशीपुढं ठेवतील. ठेवू देत. मी साखर दिली नाही, हे तर राहील. आणि कदाचित विशाल तिथेच चमचा घेऊन बसेल. हे दुसरं जास्त शक्य वाटतं. आज मला तसंच वाटतंय.
झाकलेली ताटली दोनदा उचलून बघितली. मूर्खपणा. खीर तर आहे.
साडी बदलली. निघणार तेवढ्यात खालून काकांची हाक, "कांबळे बाई, तुमच्याकडे कोण तरी आलंय!"
"कोण?"
मग बाईमाणसाचा आवाज, दम लागलेला, घाईतला. "मी हाय बाई, विशालची आई. लौकर या खाली. वाटी हाय हातात, भाजतीया."